प्रतिकारशक्ती कमी असताना टॅटू: या चुका टाळा

अवयव प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या, केमोथेरपी, संधिवातावरची बायोलॉजिक इंजेक्शनं, रोजचं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) यांपैकी काही चालू असेल, तर टॅटूचे नेहमीचे नियम पुरत नाहीत. सुई त्वचेत साधारण १ ते २ मिलिमीटर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या थरापर्यंत जाते. तिथे शिरलेल्या जंतूंना अडवायला तुमच्याकडे कुमक कमी असते.

सगळ्यात महागात पडते ती 'लाल नाही, पू नाही, म्हणजे ठीक आहे' ही समजूत. लाली, सूज, पू ही प्रतिकारशक्तीचीच कामं. ती दबलेली असली की आत संसर्ग पसरत असताना वरून कातडी बरी दिसते. म्हणून ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला, किंवा दोन-तीन दिवसांनी दुखणं ओसरायचं सोडून वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसरी गफलत पाण्याची. करड्या छटेसाठी काळी शाई काही ठिकाणी नळाच्या पाण्याने पातळ केली जाते. फिल्टरचं पाणीही निर्जंतुक नसतं. क्षयाच्या जंतूचा भाऊबंद मायकोबॅक्टेरियम चेलोनी अशा पाण्यात सापडतो. बहुधा एक ते तीन आठवड्यांनी बारीक लालसर पुटकुळ्या येतात, त्याही करड्या भागातच. शेजारची काळी रेघ स्वच्छ. ॲलर्जी समजून स्टेरॉइडचं मलम चोळलं की जंतूंचं फावतं. नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स इथे चालत नाहीत आणि साध्या कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, हा जंतू निसटू शकतो. बायोप्सी (त्वचेचा तुकडा काढून तपासणी) आणि मायकोबॅक्टेरियासाठीचं वेगळं कल्चर लागतं. उपचार कित्येक महिने चालू शकतात.

सीलबंद बाटलीवरही डोळे झाकून विसंबू नका. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत ७५ शायांपैकी २६ मध्ये जंतू निघाले. त्यांत 'निर्जंतुक' असा शिक्का असलेल्याही होत्या.

टॅटूसाठी चालू गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवणं तर निव्वळ आत्मघात: प्रत्यारोपित अवयव शरीर नाकारू शकतं. केमोथेरपी चालू असेल तर ती संपून रक्तपेशींचे आकडे सावरेपर्यंत टॅटूचा विचार बाजूला ठेवा. काखेतल्या लसीका ग्रंथी (लिम्फ नोड्स) काढल्या असतील तर तो हात टाळाच.

खपल्या पडून त्वचा पूर्ण भरेपर्यंत तलाव, समुद्र, टब बंद. यकृताचा आजार असेल तर कोमट खाऱ्या पाण्यातला व्हिब्रियो व्हल्निफिकस हा जंतू जिवावर बेतू शकतो.

शाईच्या बाटलीवरचं नाव आणि बॅच क्रमांक यांचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. पुढे पुटकुळ्या आल्याच, तर डॉक्टर आधी तेच विचारतील.