इंग्रजी शब्दाची घडण कशी उलगडावी: आधी व्याकरणाला विचारा, मग कानाला

‘ब्लॅक’ या विशेषणापासून ‘ब्लॅकन’ हे क्रियापद होते, मग ‘ग्रीन’पासून ‘ग्रीनन’ का होत नाही? प्रत्ययांची यादी पाठ करणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, कारण ती यादी चुकीची नसली तरी अर्धी असते. कोणता प्रत्यय कोणत्या जातीच्या शब्दाला लागू शकतो हे व्याकरण ठरवते. तो प्रत्यक्षात लागतो की नाही, आणि लागताना त्याचे व मूळ शब्दाचे रूप कसे बदलते, हे पुष्कळदा ध्वनी ठरवतो. म्हणून कोणताही शब्द पुढील क्रमाने तपासावा आणि तपासताना मोठ्याने उच्चारावा, कारण इंग्रजीचे लेखन या कामी वारंवार दिशाभूल करते.

शब्द सोडवा आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची जात लिहा

‘नॅशनलायझेशन्स’ हा लांबलचक शब्द घ्या. ‘नेशन’ हे नाम, त्याला ‘अल’ लागून विशेषण, ‘आइझ’ लागून क्रियापद, ‘एशन’ लागून पुन्हा नाम, आणि सर्वांत शेवटी अनेकवचनाचा प्रत्यय. नवा शब्द घडवणारे प्रत्यय आत आणि वचन किंवा काळ दाखवणारे बाहेर, हा क्रम सहसा मोडत नाही. क्रमाचे महत्त्व ‘अनलॉकेबल’ या शब्दात स्पष्ट दिसते: ‘लॉकेबल’ला ‘अन’ जोडला असे मानले तर ‘कुलूप लावता न येणारे’ असा अर्थ होतो आणि ‘अनलॉक’ला ‘एबल’ जोडला असे मानले तर ‘कुलूप उघडता येणारे’ असा.

शेवटचा ध्वनी ऐका, शेवटचे अक्षर वाचू नका

घशावर बोट ठेवून मूळ शब्दाचा शेवटचा ध्वनी उच्चारावा. कंप जाणवला तर ध्वनी घोष, न जाणवल्यास अघोष. अघोष ध्वनीनंतर अनेकवचनाचा प्रत्यय ‘स’ असा उच्चारला जातो (‘बुक्स’, ‘कप्स’), घोष ध्वनीनंतर ‘झ’ असा (‘डॉग्झ’, ‘पेन्झ’), आणि मूळ शब्दच ‘स’, ‘झ’, ‘श’, ‘च’, ‘ज’ अशा ध्वनीने संपत असेल तर मध्ये एक स्वर येतो (‘बसिझ’, ‘डिशिझ’). भूतकाळातही अशीच व्यवस्था आहे, फक्त मधला स्वर ‘ट’ किंवा ‘ड’ या ध्वनीनंतर येतो: ‘वॉक्ट’, ‘क्लीन्ड’, ‘वाँटिड’. ‘लाफ’ या शब्दाच्या लेखनात शेवटी ‘फ’साठीचे नेहमीचे अक्षर नसते, तरी भूतकाळ ‘लाफ्ट’ असाच होतो, कारण प्रत्ययाला कानावर पडणाऱ्या ‘फ’शीच कर्तव्य असते. आपण मराठी भाषक लेखनाकडे पाहून ‘डॉग्स’ म्हणतो. ती सवय येथेच सुटू शकते.

आता ‘ग्रीनन’चा उलगडा होतो. ‘न’ जोडून क्रियापद करणारा हा प्रत्यय मुख्यतः एकावयवी (एकाच उच्चारखंडाच्या) विशेषणांना लागतो, आणि तीही अशी की ज्यांच्या शेवटच्या ध्वनीत हवा पूर्ण अडते किंवा घासून बाहेर पडते: ‘ब्लॅकन’, ‘रेडन’, ‘शार्पन’, ‘डेफन’. ‘ग्रीन’चा ‘न’ अनुनासिक आहे आणि ‘ब्लू’ स्वराने संपतो, म्हणून दोन्ही बाहेर राहतात. ‘लाँग’ आणि ‘स्ट्राँग’ हेही अनुनासिकाने संपतात. तेथे भाषेने ‘लेंग्थ’ आणि ‘स्ट्रेंग्थ’ या नामांचा आधार घेऊन ‘लेंग्थन’, ‘स्ट्रेंग्थन’ ही क्रियापदे केली आहेत. व्याकरणाची गरज ध्वनीने अडवली आणि भाषेने दुसरी वाट काढली, याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

प्रत्यय आघात हलवतो का, ते तपासा

‘फोटोग्राफ’मध्ये आघात (उच्चारातला जोर) पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चारखंडावर, ‘फटॉग्रफी’त दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर असतो. ‘इक’, ‘इटी’, ‘इअन’ असे प्रत्यय आघात स्वतःच्या लगत आधीच्या अवयवावर ओढतात. ‘नेस’, ‘लेस’, ‘फुल’ हे मात्र मूळ शब्दाला हात लावत नाहीत. म्हणून ‘क्युरिअस’पासून ‘क्युरिऑसिटी’ करताना आघात सरकतो, पण ‘हॅपी’चे ‘हॅपिनेस’ होताना तो जागीच राहतो. आघात हलवणाऱ्या गटातले बहुतेक प्रत्यय लॅटिन-ग्रीक वळणाचे आहेत, तर न हलवणारे इंग्रजीचे स्वतःचे जुने आहेत.

हाच भेद उपसर्गांत दिसतो. लॅटिनमधून आलेला ‘इन’ पुढच्या ध्वनीशी जुळवून घेतो, म्हणून ‘इम्पॉसिबल’, ‘इलीगल’, ‘इरेग्युलर’ असे शब्द होतात. ‘जगत्’ आणि ‘नाथ’ यांचा ‘जगन्नाथ’ होतो तसेच हे. जुना इंग्रजी ‘अन’ लेखनात तरी तसा बदलत नाही: ‘अनपेड’, ‘अनलॉफुल’, ‘अनरिअल’.

काही वेळा आघात आधीच पाहावा लागतो. क्रियापदाचे नाम करणारा ‘अल’ जवळजवळ नेहमी शेवटच्या अवयवावर आघात असलेल्या क्रियापदालाच लागतो: ‘अरायव्हल’, ‘रिफ्यूझल’, ‘डिनायल’. ‘डेव्हलप’चा आघात मधल्या अवयवावर असल्याने तेथे ‘डेव्हलपमेंट’ हाच मार्ग उरतो. ‘बेरिअल’ हा ठळक अपवाद आहे.

आतले स्वर आणि व्यंजने पाहा

‘फूल’चे ‘फुलाला’ होताना स्वर ऱ्हस्व होतो, हे आपल्याला न शिकवता येते. इंग्रजीतही ‘डिव्हाइन’चे ‘डिव्हिनिटी’, ‘सेन’चे ‘सॅनिटी’ आणि ‘नेशन’चे ‘नॅशनल’ होते, मात्र ‘ओबीस’चे ‘ओबीसिटी’ होताना स्वर तसाच राहतो. ‘इलेक्ट्रिक’चा ‘क’ ‘इलेक्ट्रिसिटी’त ‘स’ होतो.

प्रत्यय नसतानाही ध्वनी शब्दाची जात सांगू शकतो. ‘रेकॉर्ड’, ‘परमिट’, ‘इम्पोर्ट’ यांत आघात पहिल्या अवयवावर असेल तर नाम, दुसऱ्यावर असेल तर क्रियापद. ‘ॲडव्हाइस’ नाम आणि ‘ॲडव्हाइझ’ क्रियापद. ‘बिलीफ’ आणि ‘बिलीव्ह’ही तसेच.

जोडशब्दांत उजवीकडचा घटक मुख्य असतो, म्हणून ‘हाउसबोट’ ही बोट आणि ‘बोटहाउस’ हे घर. ‘ब्लॅकबोर्ड’मध्ये आघात ‘ब्लॅक’वर पडतो, तो ‘बोर्ड’वर गेला की फक्त काळ्या रंगाची फळी उरते.

निरर्थक शब्दावर परीक्षा घ्या

1958 साली भाषा-मानसशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असे सांगितले आणि असे दोन प्राणी असतील तर काय म्हणाल, असे विचारले. मुलांनी ‘वग्झ’ असे उत्तर दिले. हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नव्हता, म्हणजे त्यांच्याजवळ पाठांतर नव्हे, नियम होता. मात्र ‘ग्लास’चे अनेकवचन बरोबर सांगणाऱ्या पुष्कळ मुलांना ‘टॅस’ या बनावट शब्दाचे अनेकवचन जमले नाही, कारण मध्ये स्वर घालण्याचा नियम उशिरा पक्का होतो. आपणही ‘ब्लिक’, ‘मॉन’ आणि ‘ट्रेझ’ असे तीन बनावट शब्द घ्यावेत आणि लिहून न पाहता त्यांचे अनेकवचन व भूतकाळ मोठ्याने उच्चारावेत. ज्या उत्तरापाशी जीभ अडखळेल, तेथून शेवटचा ध्वनी ऐकण्याची दुसरी पायरी पुन्हा करावी.