पुण्याच्या थंडीत बटेरांची अंडी बसवताना

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की आमच्याकडे उबवणीचं मशीन धुऊन उन्हात ठेवायची वेळ होते. पुणे परिसरात कार्तिक ते माघ हे महिने बटेरांची अंडी बसवायला सगळ्यात सोयीचे. वैशाखात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी पारा चाळिशीला टेकतो, आणि घरगुती मशीनला तापवता येतं, निववता येत नाही. थंडीत ती अडचण नसते. तरी पुष्कळांची बॅच नेमकी थंडीतच फसते. उष्णता बरोबर असते, पाण्याचं गणित चुकलेलं असतं.

आधी अंड्यांबद्दल. आपण पाळतो तो जपानी लावा, बाजारात ज्याला बटेर म्हणतात तो. १९७४ साली तो आपल्या देशात आणला गेला. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढल्यामुळे या जातीची मादी खुडूक बसत नाही, म्हणून मशीन लागतंच. देशी कोंबडीखाली ठेवून पाहणारे भेटतात. पण दहा-बारा ग्रॅमचं पातळ कवचाचं अंडं तिच्या वजनाखाली टिकेलच असं नाही. दुकानात डबीत मिळणारी अंडी बसवू नका. अंड्यांसाठी पाळलेल्या माद्यांबरोबर बहुधा नर नसतो, शिवाय ती अंडी फ्रीजमधून आलेली असतात. आणि माळावर रानलाव्याचं घरटं सापडलं तर हात लावू नका. तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.

घरचीच जोडणी असेल तर तीन माद्यांमागे एक नर ठेवा आणि नर सोडल्यावर आठवडाभराने अंडी जमवायला घ्या. मार्गशीर्षात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. माद्यांना १४ ते १६ तास उजेड मिळाला नाही तर अंडी कमी होतात, नरही थंडावतात. खुराड्यात पहाटे आणि संध्याकाळी मिळून चार-पाच तास दिवा लावा, आणि तो अंडी जमवण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून लावा.

अंडी निमुळतं टोक खाली करून सावलीच्या गार कोपऱ्यात ठेवा. सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. धुऊ नका, घाण असेल ते अंडं बाजूला काढा. फार मोठं, फार लहान, लांबट किंवा ठिपक्यांविना पांढरं पडलेलं अंडं खायला ठेवा. गंमत अशी, की प्रत्येक मादीची ठिपक्यांची नक्षी ठरलेली असते. थोड्या सवयीने कुठलं अंडं कुणाचं ते ओळखू येतं, आणि सारखी वांझ अंडी देणारी मादीही सापडते. अंडी बाहेरगावाहून एसटीने आणली असतील तर आणल्या आणल्या मशीनमध्ये घालू नका. रात्रभर टोक खाली ठेवून स्थिर होऊ द्या.

मशीन विकतचं असो, की तपकीर गल्लीतून कंट्रोलर आणि पंखा आणून थर्माकोलच्या पेटीत स्वतः जोडलेलं असो, दोन दिवस रिकामं चालवून बघा. पंखा असेल तर तापमान ३७.५ ते ३७.७ अंश, म्हणजे जुन्या मापात साडेनव्याण्णव ते शंभर. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.५ च्या आसपास. कंट्रोलरच्या आकड्यावर विसंबू नका. घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर आणि मशीनचा सेन्सर एकाच वाटीतल्या कोमट पाण्यात धरा आणि फरक लिहून ठेवा. मशीन खिडकीपाशी किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. पहाटे खोली १२-१४ अंशांवर आली की लहान पेटीत कोपऱ्या-कोपऱ्यात फरक पडतो.

आता पाणी. डिसेंबरात पहाटे नदीकाठी धुकं असतं, गाडीच्या काचेवर दव असतं, आणि माणसाला वाटतं हवा दमट आहे. पण बारा अंशांची ती हवा मशीनमध्ये शिरून साडेसदतीस अंशांना तापली, की तिच्यातली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली येते. श्रावणातली हवा तापली तरी चाळिशीच्या जवळ राहते. म्हणून पावसाळ्यात अर्धी ताटली पाण्यावर ज्याची अंडी छान फुटली, त्याची थंडीत तेवढ्याच पाण्यावर वाळतात. पहिले चौदा दिवस ४५ ते ५५ टक्के, शेवटचे तीन-चार दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता हवी. ती पाण्याच्या खोलीवर ठरत नाही, उघड्या पृष्ठभागावर ठरते. उंच वाटीपेक्षा पसरट ताटली घ्या. कमी पडलं तर तिच्यात स्पंजचा तुकडा उभा ठेवा. पाणी नेहमी कोमट घाला.

माझी पहिली डिसेंबरची बॅच ६० अंड्यांची होती. आर्द्रतामापक रोज ५० दाखवायचा आणि मी निर्धास्त. अठराव्या दिवशी बऱ्याच अंड्यांना चोचीने पाडलेलं भोक होतं, पण पुढे हालचाल नाही. आतला पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला कागदासारखा चिकटला होता. त्यात मी घाबरून तासातासाला झाकण उघडत होतो. निघाली ११ पिल्लं. नंतर बाटलीच्या बुचात मीठ घेऊन ओल्या वाळूइतपत भिजवलं आणि मापकाबरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवलं. अशा बरणीत ७५ दिसायला हवं. माझा मापक ९१ दाखवत होता! म्हणजे तो ५० म्हणायचा तेव्हा मशीनमध्ये पस्तिशीसुद्धा नव्हती.

तेव्हापासून माझा भरवसा मापकापेक्षा तराजूवर जास्त आहे. अंड्यातलं पाणी ठरावीक वेगाने उडायला हवं: चौदाव्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या साधारण ११ ते १२ टक्के. ५० अंडी बसवताना ५५० ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी ती ५२० च्या जवळ आणि चौदाव्या दिवशी ४८५-४९० भरायला हवीत. सातव्या दिवशीच ५१० वर आली तर ताटली मोठी करा. ५३० च्या वर असतील तर पाणी कमी करा. फक्त वजन करताना अंडी तीच आणि तेवढीच असू द्या, वांझ म्हणून मध्येच काढलेली हिशेबात विसरू नका. ठिपक्यांमुळे बटेराचं अंडं टॉर्चवर नीट दिसत नाही. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात झगझगीत टॉर्च लावून पाहा. खात्री नसेल तर अंडं राहू द्या.

हाताने फिरवत असाल तर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून पाच वेळा फिरवा. आकडा विषम असला, की लागोपाठ दोन रात्री अंडं एकाच कुशीवर राहत नाही. चौदाव्या दिवशी फिरवणं बंद.

पुण्यात बसवायचा वार गुरुवार, तोही संध्याकाळी. पंचांगाशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे देखभालीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारी दिवसा. गुरुवारी संध्याकाळी अंडी बसवली, की पुढचे दोन गुरुवार सातव्या आणि चौदाव्या दिवसाच्या तोंडावर येतात आणि पिल्लं फुटतात ती रविवार-सोमवारी, वीज असताना आणि आपण घरी असताना. वीज गेलीच तर झाकण उघडू नका. वर गोधडी टाका, पण पंख्याची छिद्रं मोकळी ठेवा. तास-दोन तास गारठा अंडं सोसतं, फार तर पिल्लं थोडी उशिरा निघतात. चटका मात्र सोसत नाही. म्हणून वीज आल्यावर भरपाई म्हणून तापमान वाढवायचा मोह टाळा.

चौदाव्या दिवशी तळाला गोणपाट किंवा खरखरीत जाळी अंथरा. वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात. सतराव्या दिवशी रुंद टोकाकडे तिळाएवढा तडा दिसतो, मग काही तास काहीच होत नाही. हीच घालमेलीची वेळ. नंतर पिल्लू आतल्या आत फिरत कवच गोल कापत जातं आणि डबीचं झाकण उघडावं तशी टोपी बाजूला पडते. पहिलं निघालं की बाकीची मागोमाग येतात. सगळी आटपायला दिवसभर लागू शकतो. तोवर झाकण बंद. पोटातल्या बलकावर पिल्लू चोवीस तास सहज काढतं.

सुकून फुललेली पिल्लं आधीच तापवून ठेवलेल्या खोक्यात हलवा. सात-आठ ग्रॅमचा जीव, पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. बल्ब एका बाजूला टांगा, म्हणजे पिल्लं आपली जागा आपण शोधतील. बल्बखाली एकावर एक चढली तर त्यांना गारठा लागतोय, लांब कोपऱ्यात पसरली तर उकडतंय. खोक्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्यांसाठी. आणि वर बारीक जाळी, उंदीर-मांजरांसाठी. खाद्य २४ टक्क्यांच्या वर प्रथिनांचं लागतं. ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर आणलं तर पिशवीवरचा आकडा वाचून घ्या आणि मिक्सरमधून रव्याइतकं बारीक करा. पाण्याच्या थाळीत काचेच्या गोट्या भरा. एवढंसं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं. गोट्या आठवड्याने काढल्या तरी चालतात.