झुकलेल्या स्नेक प्लांटला पाणी घालण्यापूर्वी

रोपाची पाने झुकलेली दिसली की आपला हात आधी पाण्याच्या झारीकडे जातो, आणि स्नेक प्लांटच्या बाबतीत बहुतेक वेळा हीच माया त्याच्या जिवावर उठते. पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातले हे रोप जाड पानांत आणि मातीखालच्या आडव्या खोडात पाणी साठवते. शिवाय त्याच्या पानांवरील रंध्रे मुख्यतः रात्री उघडत असल्याने बाष्पीभवनही कमी होते. पीस लिलीसारखे रोप तहानेने मान टाकते आणि पाणी मिळताच काही तासांत सावरते. तो नियम येथे लावू नये.

प्रथम एक लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून पाहावी. काडी कोरडी निघाली आणि पानांवर उभ्या सुरकुत्या असतील, तर तळाच्या छिद्रातून निथळेपर्यंत सावकाश पाणी द्यावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे.

माती ओली असूनही पाने बुडाशी मऊ व पिवळी पडली असतील, तर मुळे कुजू लागली आहेत असे समजावे. मातीतील हवेच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, आणि गुदमरलेली मुळे पाणी वर पोचवू शकत नसल्याने ओल्या मातीतले रोपही सुकल्यासारखे दिसते. अशा वेळी रोप कुंडीतून काढून काळपट, बुळबुळीत मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत, टणक मुळे राखावीत आणि जखमा दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्याव्यात. मग निम्मी जाड वाळू किंवा परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) मिसळलेल्या कोरड्या मातीत, मुळांच्या पसाऱ्याहून जेमतेम 3 ते 5 सेंटिमीटर रुंद कुंडीत रोप लावावे. मोठी कुंडी देण्याचा मोह टाळावा, कारण मुळे नसलेली माती दीर्घकाळ ओली राहते. पहिले पाणी आठवड्याने द्यावे.

हे रोप अंधाऱ्या कोपऱ्यातही तग धरते. मात्र तेथे पाने लांबट व दुबळी होऊन कलतात, म्हणून त्याला खिडकीजवळचा उजेड द्यावा.

एकदा वाकलेले पान सहसा पुन्हा ताठ होत नाही; रोप सावरले की नाही, हे नव्या कोंबावरून ओळखावे. सगळीच मुळे गेली असतील, तर निरोगी पानाचे 8 ते 10 सेंटिमीटरचे तुकडे, खालची बाजू खालीच ठेवून, मातीत रोवावेत. त्यांना मुळे फुटायला कित्येक आठवडे लागतात, आणि पिवळ्या काठाच्या जातीची अशी नवी रोपे बहुधा साधी हिरवीच निघतात. तो काठ टिकवायचा असेल, तर खोडासह फुटवाच वेगळा करावा लागतो.