सूट ४० हजारांची, वसुली ६० हजारांची: नवीन गाडी घेताना या चुका टाळा

शोरूममध्ये तासभर घासाघीस करून माणूस किमतीत ४० हजार कमी करून घेतो आणि खुशीत बाहेर पडतो. तेच ४० हजार, वर आणखी थोडे, विमा, कर्ज, जुनी गाडी आणि ॲक्सेसरीज यांतून परत गेलेले असतात, ते मात्र लक्षात येत नाही. नव्या गाडीच्या विक्रीवर डीलरला फार मोठा नफा नसतो. त्याची बरीचशी कमाई बाजूच्या टेबलांवर होते, म्हणून तुमचं लक्ष पहिल्याच टेबलावर गुंतलेलं त्याला चालतं.

"किती कमी करणार?" असं आधीच विचारणं

आधी कोटेशन मागा. तोंडी नको, व्हिजिटिंग कार्डाच्या मागे खरडलेलंही नको. ऑन-रोड किमतीचा, म्हणजे टॅक्स-विम्यासकट गाडी रस्त्यावर येईपर्यंतच्या एकूण रकमेचा, प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीत हवा. समजा, पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीची) ९ लाख ५० हजार आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के रोड टॅक्स लागतो. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. म्हणजे इथे १ लाख ४ हजार ५०० रुपये सरकारचे. त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. गाडी कंपनीच्या नावावर घ्यायचा सल्ला कोणी दिला, तर तो टॅक्स २० टक्के होतो हे आधी लक्षात घ्या.

बाकीच्या ओळींवर मात्र बोट ठेवा. "हँडलिंग चार्जेस", "लॉजिस्टिक्स", "इन्सिडेंटल" अशी नावं दिसली की हा पैसा कोणत्या खात्यात जातो ते विचारा. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. हे शुल्क सरकारी नाही. "ही ओळ काढा, नाहीतर पावतीवर स्वतंत्र दाखवा" एवढं म्हटलं की बरेचदा ती गायब होते. "एसेन्शियल किट" नावाच्या पाकिटातली मॅट आणि मडफ्लॅप बाहेर किती कमीत मिळतात, ते एकदा बाजारात फिरून बघाच. आणि गाडीची किंमत १० लाखांच्या वर असेल तर बिलात एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने तुमच्या नावावर आधीच गोळा केलेला इन्कम टॅक्स) दिसेल. तो खर्च नाही. पॅन नीट लिहून द्या आणि इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता करून घ्या. हे विसरणारे खूप आहेत.

दोन शोरूम फिरलो म्हणजे दोन भाव कळले असं समजणं

पुण्या-मुंबईत आणि नाशकातही एकाच ब्रँडची तीन-चार शोरूम एकाच मालकाची असू शकतात. कोथरूडला गेलात काय नि हडपसरला गेलात काय, कोटेशन एकच. पावतीवरचं डीलर कंपनीचं नाव वाचा आणि खरोखर वेगळ्या मालकाचा भाव घ्या. शेजारच्या जिल्ह्यातलं शोरूमही चालेल. वॉरंटी कंपनीची असते, सर्व्हिसिंग घराजवळ करता येतं.

सूटही एकजिनसी नसते. काही भाग कंपनीच्या त्या महिन्याच्या स्कीमचा, काही डीलरच्या खिशातला. "कंपनीची स्कीम किती आणि तुमची किती?" असं सरळ विचारा. कॅश डिस्काउंट, एक्स्चेंज बोनस (जुनी गाडी दिल्याबद्दलची जादा सूट), कॉर्पोरेट डिस्काउंट यांतलं काय काय एकत्र मिळतं तेही विचारा. कॉर्पोरेट सूट फक्त आयटीवाल्यांना असते असा एक गैरसमज आहे. सरकारी नोकर, शिक्षक, बँकवाले, डॉक्टर, सीए यांनाही अनेक कंपन्या ती देतात, पण तुम्ही ओळखपत्र पुढे केल्याशिवाय कोणी आठवण करून देत नाही.

पाडवा-दसऱ्याच्या तोंडावर भाव करायला जाणं

मुहूर्ताची डिलिव्हरी हवी असेल तर जरूर घ्या, भाव मात्र त्या आठवड्यात करू नका. गिऱ्हाईकांची रांग लागलेली असताना मॅनेजर कशाला झुकेल? पितृपक्षात शोरूम ओस असतं, टार्गेट तसंच असतं. तेव्हा बोलणी करा, सगळं लिहून घ्या, गाडी घटस्थापनेला किंवा दसऱ्याला उचला.

इथे बुकिंग फॉर्मवरच्या बारीक अक्षरातलं एक वाक्य महत्त्वाचं: "डिलिव्हरीच्या दिवशीचा दर लागू राहील." २२ सप्टेंबर २०२५ ला, नेमकं घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. ज्यांचं बिल तोवर झालं नव्हतं, त्यांना हे वाक्य फळलं. कंपनी किंमत वाढवते तेव्हा तेच वाक्य उलटं लागतं. म्हणून ठरलेली सूट रुपयांत आणि तारखेसकट लिहून घ्या. बुकिंगचे पैसे डीलरच्या खात्यातच भरा, सेल्समनच्या यूपीआयवर नाही.

"महिन्याला किती झेपेल?" या प्रश्नाचं उत्तर देणं

माझ्या मते सर्वात महाग पडणारी चूक हीच. तुम्ही "तेरा हजारांपर्यंत" म्हणालात की पुढचा सगळा हिशोब त्या तेरा हजारांत बसवला जातो, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे मुदत वाढवणं. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण व्याज साधारण १ लाख ९६ हजार. तेच ७ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,९०० च्या आत येतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जातं. किमतीत ४० हजार कमी केल्याचा आनंद इथे दुपटीने वसूल झाला.

दुसरा सापळा फ्लॅट रेटचा. "बँक ९ टक्के घेते, आमच्याकडे फक्त साडेपाच!" ऐकायला झकास. फ्लॅटमध्ये पाचही वर्षं पूर्ण ८ लाखांवर व्याज लागतं, तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी. ८ लाखांचे साडेपाच टक्के ४४ हजार, पाच वर्षांचे २ लाख २० हजार, हप्ता १७ हजार. घटत्या शिलकीच्या हिशोबात, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर, हा दर १० टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेचे ९ टक्केच स्वस्त.

"कमी व्याजाची खास स्कीम" निघते तेव्हा कॅश डिस्काउंट काढून घेतलेला असतो, तेही तपासा. वरच्याच ५ वर्षांच्या कर्जात व्याज ९ वरून ८ टक्के झालं तर एकूण वाचतात साधारण २३ हजार. त्यासाठी ३० हजारांची रोख सूट सोडायची असेल, तर स्कीम नको.

शोरूमला जाण्याआधी स्वतःच्या बँकेतून कर्जाची ऑफर घेऊन ठेवा. मग शोरूमच्या टेबलावरचा फायनान्सवाला त्याहून कमी देतो का बघा, कधीकधी देतोही. मात्र "पाच बँकांना फाइल टाकतो" म्हणाला तर थांबवा. प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट स्कोअरच्या अहवालात नोंदली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं. त्यात प्रोसेसिंग फीसकट खरा वार्षिक दर असतो. कर्जाला चिकटवलेला जीवन विमाही तिथेच सापडतो. मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती दंड, हे त्यातच वाचा. कोऱ्या फॉर्मवर सही तर अजिबात नको.

विमा आणि जुनी गाडी "त्यांच्याकडेच" सोडणं

विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. "कॅशलेस मिळणार नाही", म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनी परस्पर भरणार नाही, ही भीती घातली जाते. त्या वर्कशॉपचं कोणकोणत्या विमा कंपन्यांशी टायअप आहे, ते विचारा, बाहेरची पॉलिसीही तिथे चालते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) लागतो आणि त्याचा दर ठरलेला आहे. १००० ते १५०० सीसीला २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १०,६४० रुपये आणि वर जीएसटी. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात. तोच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तीच झीरो डेप (क्लेममध्ये सुट्या भागांची घसारा-कपात टाळणारी जोड) घेऊन बाहेरचं कोटेशन आणा आणि समोर ठेवा. पहिल्या आकड्यातून पाच-दहा हजार उतरणं मुळीच दुर्मिळ नाही.

जुनी गाडी एक्स्चेंजला देताना नव्या गाडीचा सौदा पक्का होईपर्यंत तिचा विषय काढू नका. एक्स्चेंज बोनस धरूनही बाहेरचा भाव जास्त येत असेल तर बाहेर विका. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा क्लेम न केल्याबद्दलची सूट, विसरू नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट. जुन्या विमा कंपनीकडून पत्र घेतलं की हा बोनस नव्या गाडीला लावता येतो. जुनी गाडी समोरच्याच्या नावावर होईपर्यंत मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० चा पाठपुरावा सोडू नका, नाहीतर चलन तुमच्याच मोबाइलवर येत राहतात.

डिलिव्हरीची घाई

डिसेंबरात ऐकू येणारी मोठी सूट बहुधा संपत चाललेल्या वर्षाच्या स्टॉकवर असते. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष येतंच, पुनर्विक्रीला ते बघितलं जातं. पाच-सहा वर्षं वापरायची असेल तर अशी गाडी घ्यायला हरकत नाही, पण किंमत त्या मानाने उतरली पाहिजे. पासिंग होण्याआधी यार्डात जाऊन गाडी बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. गाडी "कालच आली" म्हणणाऱ्याला ते दाखवा.

चूक होऊन गेली असेल तर

बुकिंग झालंय पण पासिंग नाही? मग विमा अजून बदलता येतो. कर्ज मंजूर आहे पण पैसे डीलरकडे गेलेले नाहीत? दुसऱ्या बँकेत जाता येतं, फार तर प्रोसेसिंग फी बुडेल. न मागता लावलेल्या हँडलिंगबद्दल डीलरच्या जनरल मॅनेजरला आणि कार कंपनीच्या ग्राहक सेवेला एकाच ईमेलमध्ये लिहा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कर्जाबाबत आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. कर्ज चालू असेल आणि दर चढा वाटत असेल, तर फोरक्लोजरचा (मुदतीआधी कर्ज फेडण्याचा) दंड आणि उरलेलं व्याज यांचा हिशोब मांडून दुसरीकडे वळवता येतं. आणि शेवटचा हप्ता गेला की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा लगेच उतरवून घ्या. गाडी विकायच्या दिवशी ही धावपळ सुरू केली तर गिऱ्हाईक थांबत नाही.