अंडाशयाला पीळ पडल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

अंडाशय आपल्या आधारबंधांभोवती पिळले गेले की आधी शिरा दाबल्या जातात, रक्त आत साचून अंडाशय सुजते आणि पीळ तसाच राहिला तर धमनीही बंद पडते. हा प्रकार क्वचित घडतो, तरीही त्यात होणाऱ्या चुका मात्र ठरलेल्या आहेत.

डॉप्लर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला म्हणून निर्धास्त होणे ही त्यांतली सर्वांत घातक. अंडाशयाची स्वतःची धमनी आणि गर्भाशयाच्या धमनीची शाखा अशा दोन वाटांनी रक्त येत असल्याने पीळ असतानाही प्रवाह दिसू शकतो. अचानक उठलेली कळ आणि उलट्या घेऊन माझ्याकडे आलेल्या एका तरुणीला आधी दुसरीकडे ‘रक्तप्रवाह नॉर्मल’ या शेऱ्यावर वेदनाशामक इंजेक्शन देऊन घरी धाडण्यात आले होते. त्याच रिपोर्टात ७ सेंटिमीटरची गाठ, सुजलेले अंडाशय आणि त्याच्या कडेला सरकलेल्या बीजकोषिका (बीजांडे वाढतात त्या बारीक पिशव्या) यांची स्पष्ट नोंद होती. पण घाईत असलेले नवशिके डॉक्टर शेवटची ओळ तेवढी वाचतात. दुर्बिणीतून पाहिले तेव्हा अंडाशयाला दोन पूर्ण वेढे बसलेले होते. मी रिपोर्टाला हात लावण्याआधी रुग्णाचे पोट तपासतो आणि संशय पक्का असेल तर नॉर्मल डॉप्लरसाठी शस्त्रक्रिया लांबवत नाही.

दुसरी चूक शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते: काळेनिळे अंडाशय मेलेलेच समजून काढून टाकणे. पीळ सोडवल्यावर लगेच रंग पालटला नाही तरी बहुतेक अंडाशये पुढे काम करू लागतात. पीळ सोडवताना गुठळी सुटून फुप्फुसात जाईल, ही जुनी भीतीही निराधार ठरली आहे. रजोनिवृत्ती झालेली असेल किंवा कर्करोगाचा संशय असेल तर गोष्ट वेगळी. एरवी तरुण मुलीचे अंडाशय काढण्याची तत्परता मला झटपट मोकळे होण्याची पळवाट वाटते.

कळ थांबली म्हणजे धोका टळला असे नव्हे, कारण पीळ सुटून पुन्हा बसू शकतो. उजवीकडे दुखते म्हणून अपेंडिक्स गृहीत धरू नये; पीळही उजवीकडेच अधिक आढळतो. गर्भधारणेची चाचणी कधीही वगळू नये. लहान मुलींत गाठ नसतानाही पीळ पडतो, हे बालरोगतज्ज्ञांनीही ध्यानात ठेवावे. आणि संशय येताच रुग्णाला तोंडाने काही देऊ नये. नातेवाइकांनी प्रेमाने पाजलेल्या चहामुळे भूल देणे लांबते.