दुंडिगलला येणाऱ्या मराठवाड्याच्या पोरापोरींसाठी

नांदेड, परभणी, लातूरकडून दुंडिगलच्या एअर फोर्स अकॅडमीत विमान चालवायला शिकायला येणाऱ्यांना हैदराबाद फारसं परकं वाटत नाही. रेल्वेनं सिकंदराबादला उतरलं आणि दखनी हिंदी कानावर पडली, की जीव थाऱ्यावर येतो. नडते ती आपली सोसायची सवय. दुखलं तरी बोलायचं नाही, कळलं नाही तरी मान डोलवायची, हे घरी चालून जातं. कॉकपिटमध्ये मात्र मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरला तुमचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे जे होतंय ते तोंडानं सांगावंच लागतं.

सुरुवातीला मळमळ बऱ्याच जणांना होते. कानातला तोल एक सांगतो, डोळे दुसरंच सांगतात, त्यातून ती उद्भवते. नजर बाहेर क्षितिजावर ठेवा, डोकं उगाच हलवू नका आणि 'सर, कंट्रोल माझ्याकडे द्या' असं मागा. स्वतः विमान चालवताना त्रास कमी होतो. सूटच्या खिशात पिशवी असू द्या. उपाशीपोटी उडू नका आणि तेलकट खाऊनही उडू नका. हरभरा, वाटाणा, कोबी आदल्या रात्रीपासूनच टाळा. १०,००० फुटांवर पोटातला वायू सुमारे दीडपट फुगतो. गावाकडून आलेला ठेचा सुटीच्या दिवसासाठी राखून ठेवा.

सर्दी झाली तर लपवू नका. वर जाताना काही वाटत नाही, पण खाली उतरताना बंद झालेल्या कानात हवा शिरत नाही आणि पडद्यावर ताण येऊन कळ उठते. मेडिकलच्या दुकानातली सर्दीची गोळी परस्पर घेऊ नका, तिनं बहुधा झोप येते. थेट अकॅडमीच्या डॉक्टरांकडे जा. दोन दिवस उड्डाण चुकलं तर ते भरून निघतं, फाटलेला पडदा भरायला आठवडे जातात.

मराठी माध्यमातून आलेल्यांना रेडिओची धास्ती असते. तिथलं इंग्रजी ठरावीक साच्याचं आहे, वाक्यं पाठ होतात. आकडे एकेक करून बोलायचे: तीनला 'ट्री', पाचाला 'फाईफ', नवाला 'नायनर', कारण रेडिओच्या खरखरीत 'फाईव्ह' आणि 'नाईन' सारखेच ऐकू येतात. धावपट्टी, उंची, हवेच्या दाबाचा आकडा टॉवरनं (विमानतळाच्या नियंत्रण कक्षानं) सांगितला की जसाच्या तसा परत म्हणा. नीट ऐकू आलं नाही तर 'से अगेन'. अंदाजानं 'रॉजर' (संदेश मिळाला) म्हणणं हीच इथली सगळ्यात वाईट खोड.

तुमचं शिकायचं विमान, पिलेटस पीसी-७ मार्क २, एका इंजिनाचं टर्बोप्रॉप (टर्बाइननं फिरणाऱ्या पंख्याचं) आहे. टेकऑफला ताकद वाढली की नाक डावीकडे ओढतं, त्यासाठी उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायाचं पेडल) आधीपासून तयार हवा. ताकद बदलली की रडर, मग ट्रिम (कंट्रोलवरचा जोर हलका करणारी जुळणी); हे पायांत मुरलं पाहिजे. घोळ होतो तो फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रोखानं उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात. स्पीडच्या काट्याकडे टक लावली की बाहेरचं सुटतं. काचेतून उतरायची जागा पाहा: ती वर सरकत असेल तर तुम्ही अलीकडेच पडणार, खाली सरकत असेल तर पुढे निघून जाणार, जागच्या जागी राहिली तर उतार बरोबर. नजर जागेवर, मधूनच स्पीडवर, पुन्हा जागेवर.

एरोबॅटिक्समध्ये (हवेतल्या कसरतींत) जी, म्हणजे अंगावर येणारा वजनाचा दाब, चढायच्या आधीच पोटऱ्या, मांड्या, पोट घट्ट आवळा आणि साधारण ३ सेकंदांनी झटकन श्वास बदला. डोळ्यांपुढे करडं दिसू लागल्यावर आवळून उशीर झालेला असतो. पाणी कमी प्यायलात तर हे लवकर होतं.

खोलीत खुर्ची मांडा, भिंतीवर कॉकपिटचं चित्र लावा आणि पूर्ण सॉर्टी (एक उड्डाण) मोठ्यानं म्हणत 'उडा'. हात खरोखर त्या-त्या स्विचकडे गेला पाहिजे. जोडीदारानं मध्येच 'इंजिन फेल' ओरडावं. त्यावरचं ड्रिल (ठरलेल्या कृतींचा क्रम) अडखळलं तर पहिल्यापासून. मनातल्या मनात वाचून हे होत नाही.

एखादी सॉर्टी बिघडली तर डीब्रीफमध्ये (उड्डाणानंतरच्या चर्चेत) सबबी सांगू नका, काय कळलं नाही तेवढंच नेमकं विचारा आणि त्याच दिवशी वहीत उतरवा. प्रगती मागे पडली की रिव्ह्यू, म्हणजे तुमच्या प्रशिक्षणाचा फेरआढावा, होतो. आदल्या सॉर्टीतली चूक घेऊनच पुढच्या सॉर्टीला गेलात तर ती वेळ लवकर येते.

पुढचं प्रशिक्षण फायटरवाल्यांचं हॉक जेटवर बिदरला, हेलिकॉप्टरवाल्यांचं हकीमपेठला, ट्रान्सपोर्टवाल्यांचं येलहंकाला. बिदर मिळालं तर उदगीर त्याच रेल्वेलाइनवर आहे, पण घरच्यांना बोलावण्याआधी लिबर्टी (बाहेर जायची सुटी) मंजूर झाल्याची खात्री करून घ्या.