आलिशान हॉटेलातल्या दोन रात्री: बुकिंगपासून बिलापर्यंत

दुपारी 3 वाजता खोली मिळते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी 11 किंवा 12 ला सोडावी लागते. म्हणजे दोन रात्रींच्या मुक्कामात हाताशी असतात 44-45 तास, आणि त्यातले पंधरा-सोळा झोपेत जातात. उरलेल्या वेळात स्पा, एक मोठं जेवण, पोहण्याचा तलाव, निवांत नाश्ता आणि जमलं तर शहर बसवायचं असतं. हॉटेल कितीही उत्तम असलं तरी हे वेळापत्रक ते आपणहून आखून देत नाही, आणि मुक्काम फसतो तो बहुतेक वेळा इथेच. स्पाची वेळ उरलेली नसते, टेबल मिळतं ते रात्री साडेनऊचं, मसाजवरून उठून लगेच तयार होऊन धावावं लागतं. म्हणून बुकिंगचा नेहमीचा क्रम उलटा करा: आधी टेबल, मग स्पा, शेवटी खोली.

तारखा कशा ठरवायच्या

हॉटेलातलं मुख्य फाइन डाइनिंग रेस्टॉरंट आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असू शकतं, बऱ्याच ठिकाणी रविवारी आणि सोमवारी. शहरी हॉटेलांमध्ये कामानिमित्त येणाऱ्यांची गर्दी सोमवार ते गुरुवार असते, त्यामुळे शनिवार-रविवारी खोल्या अनेकदा स्वस्त मिळतात. स्पाचं मात्र उलट असतं. तिथे शनिवारी दुपार पहिल्यांदा भरते. या सगळ्याचा मेळ घालायचा तर गुरुवारी दुपारी पोहोचून शनिवारी सकाळी निघणं सर्वांत सोयीचं. शुक्रवारी दुपारी स्पा तुलनेने रिकामा असतो आणि संध्याकाळी स्वयंपाकघर पूर्ण ताकदीने चालू असतं.

ताऱ्यांवर फार विसंबू नका. हॉटेलांच्या ताऱ्यांचा जगभर लागू असा एकच नियम नाही. प्रत्येक देशाची पद्धत वेगळी आहे आणि मोजल्या जातात त्या मुख्यतः सोयी: खोलीचं क्षेत्रफळ, लिफ्ट, रिसेप्शन किती तास उघडं वगैरे. मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शक पुस्तकाचे तारे ही वेगळी गोष्ट. 1926 पासून ते रेस्टॉरंटला मिळतात आणि ताटातल्या पदार्थांसाठीच मिळतात, झुंबरांसाठी नाही. हॉटेलांसाठी मिशेलिनने 2024 पासून ‘की’ (किल्ली) द्यायला सुरुवात केली. हे मार्गदर्शक सगळ्या शहरांत पोहोचलेलं नाही, त्यामुळे तारा नसणं म्हणजे जेवण सामान्य असं धरू नका.

दर बघताना एकाच खोलीचे दोन भाव दिसतील: आगाऊ भरायचा, परत न मिळणारा स्वस्त दर आणि रद्द करता येणारा महाग दर. तारीख पक्की असेल तरच पहिला घ्या. दोन्हींत नाश्ता, कर, सेवाशुल्क आणि काही शहरांत हॉटेलं भाड्यावर वेगळी लावतात ती ‘डेस्टिनेशन फी’ धरली आहे का ते बघूनच तुलना करा. त्रयस्थ संकेतस्थळावर भाव पाहावा, पण फरक किरकोळ असेल तर बुकिंग थेट हॉटेलकडे करावं. तारीख बदलायची वेळ आली किंवा चांगली खोली रिकामी राहिली, तर थेट आलेल्या पाहुण्याचा विचार सहसा आधी होतो.

पोहोचण्याआधीचा एक ई-मेल

कोणाला कोणती खोली द्यायची याची यादी साधारण आदल्या दिवशी तयार होते. म्हणून तीन-चार दिवस आधी हॉटेलला एक छोटा ई-मेल पाठवा. ‘छान खोली द्या’ या वाक्याचा काही उपयोग होत नाही. असं लिहा: वरचा मजला, लिफ्ट आणि सर्व्हिस पँट्रीपासून लांब, शेजारच्या खोलीत उघडणारं दार नसलेली, एक मोठा पलंग की दोन वेगळे, पोहोचण्याची अंदाजे वेळ. मधलं दार असलेली खोली टाळायचं कारण साधं आहे. भिंतीपेक्षा दारातून आवाज कितीतरी जास्त येतो आणि शेजारचा टीव्ही रात्रभर ऐकू येतो. वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल तर तेही लिहा, मागणी म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

पहिली दहा मिनिटं

रिसेप्शनवर कार्ड मागतील आणि खोलीचं भाडं, कर आणि रोजच्या खर्चापोटी काही रक्कम त्यावर रोखून ठेवतील. ही कपात नसते, पण तेवढी रक्कम अडकते. डेबिट कार्ड दिलं तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला अनेक दिवस लागू शकतात. त्यामुळे इथे क्रेडिट कार्डच द्या आणि किती रक्कम रोखली ते विचारून घ्या.

खोलीत गेल्यावर बॅग उघडू नका. एसी चालू करा, गरम पाणी सोडून बघा, मिनिटभर शांत उभं राहून आवाज ऐका, सिगारेटचा किंवा ओलसर वास येतो का पाहा. काही खटकलं तर लगेच फोन करा. बाथरूम किंवा पलंग वापरण्याआधी सांगितलं तर खोली बदलणं सोपं जातं, कारण वापरलेली खोली पुन्हा पूर्ण साफ केल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. मिनीबारमधली बाटली नुसती उचलून बघू नका. काही ठिकाणी खाली सेन्सर असतो आणि वस्तू थोडा वेळ जागेवरून हलली की बिलात चढते. दारावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ दिवसभर लावून ठेवलंत तर संध्याकाळची टर्नडाउन सेवाही येणार नाही. पलंग आवरून देणं, नवे टॉवेल, पाण्याच्या बाटल्या हे सगळं भाड्यातच असतं. उशी रुतत असेल तर पिलो मेनू, म्हणजे वेगवेगळ्या उशांची यादी मागा, अनेक ठिकाणी ती असते.

कोटाच्या कॉलरवर दोन सोनेरी किल्ल्यांची फुली दिसली, तर तो कॉन्सिएर्ज (पाहुण्यांसाठी तिकिटं, टेबलं वगैरेची सोय करणारा कर्मचारी) 1929 साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या ‘ले क्ले दॉर’ या संघटनेचा सदस्य आहे. त्याचा उपयोग नीट करून घ्या. ‘जवळ काय बघण्यासारखं आहे?’ असं विचारू नका. किती तास आहेत, किती खर्च करायचा, काय आवडत नाही हे सांगा. बाहेरचं अवघड टेबल किंवा नाटकाचं तिकीट हवं असेल तर येण्याआधीच ई-मेलने कळवा. त्याच दिवशी विचारलं तर त्याच्याही हातात फार काही उरलेलं नसतं.

स्पा: वेळ, क्रम आणि शरीर

दुपारी 4 ची उपचाराची वेळ सर्वांत चांगली. दुपारचं जेवण 1 पर्यंत आणि हलकं आटपा, म्हणजे पालथं झोपल्यावर पोट जड वाटणार नाही. 3 ला स्पात पोहोचा. बहुतेक पाहुणे इथेच चुकतात आणि 4 ला पाच मिनिटं असताना येतात. उपचाराच्या पैशात सॉना (गरम हवेची खोली), स्टीम (वाफेची खोली) आणि तलाव अनेकदा धरलेले असतात, ते वापरायचेच राहून जातात. शिवाय उशीर झाला तर उपचार तेवढाच कापला जातो, कारण त्या मसाज टेबलवर पुढचा पाहुणा ठरलेला असतो. ‘60 मिनिटं’ यात कपडे बदलणं आणि आरोग्याचा फॉर्म भरणं धरलं आहे का, हे बुकिंगच्या वेळी विचारा. काही ठिकाणी प्रत्यक्ष हात लागतो तो 50 मिनिटंच.

आधी साबणाने शॉवर, मग अंग कोरडं करा, कारण कोरड्या त्वचेला घाम लवकर येतो. सॉना कोरडी असते, साधारण 80 ते 90 अंश सेल्सिअस. खाली टॉवेल अंथरून 8 ते 12 मिनिटं बसा. वरची फळी सर्वांत गरम असते, त्यामुळे सवय नसेल तर खालच्या फळीवर पाच-सहा मिनिटं पुरेत. बाहेर आल्यावर थंड शॉवर घ्या आणि दहा मिनिटं पडून राहा. ही विश्रांती गाळायची नाही, ती गाळली तर चक्कर येऊ शकते. स्टीम रूममध्ये तापमान 45 अंशांच्या आसपास असलं तरी हवा पूर्ण दमट असते, घाम सुकत नाही आणि शरीर लवकर तापतं, म्हणून तिथेही दहा मिनिटांची मर्यादा पाळा. मसाजच्या आधी एक, फार तर दोन फेऱ्या. दोन्हींच्या मध्ये पाणी प्या. मद्य घेऊन या खोल्यांत कधीही जाऊ नका: उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात, मद्यानेही पसरतात, आणि रक्तदाब एकदम उतरतो. हृदयविकार, रक्तदाबाची औषधं किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सॉना आणि थंड पाण्याची डुबकी दोन्ही टाळा.

आरोग्याचा फॉर्म घाईत भरू नका. रक्त पातळ करणारी गोळी, अलीकडची शस्त्रक्रिया, सुकामेव्याची ॲलर्जी (अनेक तेलं बदामाची असतात) हे थेरपिस्टला कळायलाच हवं. स्त्री थेरपिस्ट हवी की पुरुष, हे बुकिंगच्या वेळीच सांगा. दागिने आणि घड्याळ खोलीतल्या तिजोरीत ठेवून या.

एकापेक्षा जास्त उपचार घेणार असाल तर स्क्रब आधी, मग मसाज, शेवटी फेशियल. मसाज टेबलवर चेहरा गोल उशीत दाबला जातो आणि त्याचे वळ उठतात, म्हणून फेशियल नंतर. स्क्रबच्या दिवशी पायांवरून रेझर फिरवू नका, मीठ-साखरेचे कण झोंबतात. चेहऱ्याला रेटिनॉल (त्वचेच्या क्रीममधला एक तीव्र घटक) लावत असाल तर फेशियल बुक करतानाच सांगा, ते काही दिवस थांबवायला सुचवतील.

पाठ आणि खांदे दुखत असतील तर साठ मिनिटांत पूर्ण अंगाचा मसाज घेऊ नका. सगळीकडे थोडं थोडं होतं आणि दुखऱ्या जागेला दहा मिनिटंही मिळत नाहीत. साठ मिनिटं फक्त पाठ, मान, खांदे, किंवा मग नव्वद मिनिटं पूर्ण अंग. दाब कमी-जास्त वाटला तर पहिल्या पाच मिनिटांतच बोला. गप्पा नको असतील तर तेही सुरुवातीला सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. उपचार संपल्यावर अर्धा तास विश्रांतीच्या खोलीत पडून राहा. त्या खोलीसाठीही तुम्ही पैसे मोजलेले आहेत.

मोठं जेवण

टेबल साडेसात-आठचं घ्या. टेस्टिंग मेनू, म्हणजे शेफने ठरवलेल्या छोट्या पदार्थांची मालिका, सात-आठ पदार्थांचा असेल तर अडीच ते साडेतीन तास लागतात. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर टेबल जाऊ शकतं आणि आयत्या वेळी रद्द केल्यास माणशी दंड लागू शकतो, तेव्हा अटी वाचून ठेवा. बहुतेक ठिकाणी टेस्टिंग मेनू पूर्ण टेबलने घ्यावा लागतो, कारण सगळ्यांची ताटं एकाच वेळी यावी लागतात.

खाण्याची बंधनं किमान 48 तास आधी लिहून कळवा. ‘शाकाहारी’ एवढंच लिहू नका. मोठ्या स्वयंपाकघरांत बरेच सॉस हाडांच्या किंवा माशांच्या स्टॉकवर (उकळून काढलेल्या रसावर) उभे असतात आणि तो तासन्‌तास आधी शिजलेला असतो. गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं आणि पार्मेझानसारख्या काही चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य). काय चालतं, काय चालत नाही ते नावानिशी लिहा: अंडी चालतात, स्टॉक, जिलेटिन आणि फिश सॉस नाही. ॲलर्जी आणि नावड यांचा उल्लेख वेगळा करा. ॲलर्जी म्हटलं की वेगळी सुरी, पाट आणि तेल काढावं लागतं. नुसत्या नावडीला ॲलर्जी म्हणणं हे स्वयंपाकघरावर अन्याय करणारं आहे. वेळेत कळवलं तर चांगला शेफ वेगळा पूर्ण मेनू रचतो, आणि तो अनेकदा मूळ मेनूइतकाच विचारपूर्वक केलेला असतो.

प्रत्येक पदार्थासोबत वाइन जुळवून देणारा पर्याय घ्यायच्या आधी हिशेब करा. 75 मिलीचे सहा ग्लास म्हणजे 450 मिली, म्हणजे 750 मिलीच्या बाटलीतली निम्म्याहून जास्त एकट्याने. स्पात घाम गाळलेल्या दिवशी हे जड जातं. दोघांत एक जोडणी वाटून घेता येईल का ते विचारा, किंवा मद्यविरहित जोडणी घ्या. बाटली घेणार असाल तर सॉमेलियेला (वाइन सुचवणाऱ्या जाणकाराला) यादीतल्या एका किमतीवर बोट ठेवून ‘साधारण अशी’ म्हणा. टेबलावर कोणासमोर आकडा उच्चारावा लागत नाही. चाखायला दिलेला घोट आवडनिवड ठरवण्यासाठी नसतो, वाइन खराब आहे का ते तपासण्यासाठी असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बुचाचा दोष आहे, बिनदिक्कत परत करा.

काटे-चमचे बाहेरून आत वापरत या, चुकलं तरी पुढच्या पदार्थाला नवे मांडले जातात. सुरुवातीचा ब्रेड फार खाऊ नका, पाचव्या पदार्थाला पोट भरतं. पोशाख ‘स्मार्ट कॅज्युअल’ लिहिला असेल तर बंद बूट, पूर्ण पँट आणि कॉलरचा शर्ट चालतो.

बिल

शेवटच्या रात्री झोपण्याआधी रिसेप्शनकडून तोपर्यंतचं बिल मागवा. सकाळी नऊ ते अकरा रांग असते आणि टॅक्सी उभी असताना बारीक आकडे वाचले जात नाहीत. चार ओळी नक्की बघा: मिनीबार, नाश्ता (दरात असूनही पुन्हा लावलेला), स्पाच्या बिलात आपोआप जोडलेली टीप, आणि रूम सर्व्हिसवरचं ट्रे शुल्क. सेवाशुल्क आधीच लावलं असेल तर वर टीप देण्याची सक्ती नसते. रेस्टॉरंटचं बिल खोलीवर टाकताना टीपची जागा मोकळी सोडू नका, आकडा लिहा किंवा रेघ मारा. हाऊसकीपिंगला काही द्यायचं असेल तर रोज सकाळी पाकिटात, वर ‘हाऊसकीपिंग’ लिहून ठेवा. शेवटच्या दिवशी खोली आवरणारी व्यक्ती वेगळी असू शकते.

परदेशात कार्ड मशिनने तुमच्या देशाच्या चलनात पैसे घेऊ का असं विचारलं, तर नाही म्हणा आणि तिथल्या स्थानिक चलनातच भरा. मशिनवरचा विनिमय दर बँकेच्या दरापेक्षा सहसा महाग पडतो. रोखलेली रक्कम दोन आठवड्यांत सुटली नाही, तर अंतिम बिलाची प्रत जोडून आधी आपल्या बँकेशी बोला. हॉटेलने होल्ड सोडल्यानंतर पैसे मोकळे करणं बँकेच्याच हातात असतं.